राहून गेलेला ठराव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले पाळक रेव्हरंड धर्मेंद्र साळवे, महिला मंडळाच्या अध्यक्षा कामिनीताई, खाप्याहून खास आलेली सिंधूताईंची लेक पायल आणि आपले जावई मोहितराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आदरणीय सिंधूताई, आणि ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, या मंडळीचा सव्वीस वर्षांचा जुना चिटणीस गणपतराव तुम्हा सर्वांना सलाम करतो.

माइक थोडा कुरकुरतो आहे. माझा आवाजही आज धड नाही. दोघांनाही सांभाळून घ्या.

आज महिन्याचा पहिला रविवार. उपासना झाली, पण प्रभुभोजन पाळकसाहेबांनी मागे ठेवलं. मोहितराव, प्रभुभोजन म्हणजे एकेकाने पुढे येऊन या मेजावरची भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. सकाळपासून चौघांनी मला विचारलं, "काहून मागं ठेवलं, भाऊ?" त्याचं उत्तर माझ्या भाषणात आहे. तेवढा धीर धरा.

सिंधूताईंनी चौतीस वर्षं या मेजावरची भाकर केली. आपण तिला भाकर म्हणतो, पण ती कणकेची, बिनखमिराची जाड पोळी. शनिवारी कणीक मळायची, रविवारी पहाटे तव्यावर भाजायची, पांढऱ्या फडक्यात बांधून आठच्या आत मंदिरात आणायची. एकदा ताईंच्या अंगात ताप होता, म्हणून आमच्या शोभाने भाकर केली. ती अशी झाली, की बापूजींचा दात हलला. हसा, हसा. शोभाही हसते आहे.

आता मला जे सांगायचं आहे, ते हसण्यासारखं नाही.

ताईंचा सत्कार करायचा, तर त्यांनी हे काम कधी घेतलं ती तारीख हवी, म्हणून मागच्या महिन्यात मी इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढल्या. एका वहीत माझ्याच अक्षरातला अकरा वर्षांपूर्वीचा ठराव दिसला. "सौ. सिंधूबाई रुपराव सोनवाने यांनी मुलीच्या अन्यधर्मीय विवाहास हजर राहून अक्षता टाकल्या, सबब त्यांना सहा महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवावे. मुदत संपताच पंचांनी ठराव करून परत घ्यावे." गवगवा नको म्हणून आम्ही तो मंडळीत जाहीर केला नव्हता. पत्र घेऊन मीच ताईंच्या दारात गेलो होतो. ताईंनी ते उभ्यानेच वाचलं आणि विचारलं, "भाऊ, भाकर करू ना मी?" मी म्हणालो, "भाकर करा ना, त्याले कोण नाही म्हणते?"

बंधुभगिनींनो, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जिला मेजावर येऊ द्यायचं नाही, तिच्याच हातची भाकर मेजावर ठेवायची, हे आम्हा पाच पंचांपैकी एकालाही खटकलं नाही. आम्ही धर्म राखत होतो ना!

मग मी वहीची पानं उलटू लागलो. सहा महिन्यांनंतरची, वर्षानंतरची, पार शेवटपर्यंतची. परत घेतल्याचा ठराव नाही. चौथ्या महिन्यात त्या वेळच्या पाळकांची बदली झाली होती. विषय पुढच्या सभेत आणायचं काम चिटणीसाचं. चिटणीस विसरला. नंतर तीन पाळक आले, त्यांना कोणी सांगितलंच नाही. त्या पंचांपैकी आज मी एकटा उरलो आहे.

ताई पुढे येत नव्हत्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आपल्याला वाटायचं, पेले धुवायचे असतात, मागाहून घेत असतील. वही पाहिली त्याच दिवशी मी ताईंच्या घरी गेलो. विचारलं, "इतक्या वर्षांत एकदा तरी मले सांगायचं होतं वं बाई. काहून नाही सांगितलं?" ताई म्हणाल्या, "आधी वाट पायली, भाऊ. मंग विचाराले लाज वाटे. तुमचं मन नसंल झालं अजून, असं वाटे."

हे ऐकलं आणि मला रुपराव आठवले.

रुपराव, ताईंचे यजमान. तेही कधी पुढे येत नसत. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर ताईंशेजारी बसून राहत. आम्ही म्हणायचो, गुडघे दुखतात बिचाऱ्याचे. पाच वर्षांपूर्वी ते अखेरचे आजारी पडले, तेव्हा पाळकांबरोबर मी प्रभुभोजन घेऊन घरी गेलो. पाळकांनी भाकर पुढे केली. रुपरावांनी तोंड फिरवलं. म्हणाले, "तिले नाही तं मलेही नाही." पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ताप डोक्यात गेला आहे, साहेब. चला." आणि आम्ही निघून आलो. तिसऱ्या दिवशी रुपराव गेले. ते तसं बोलले तेव्हा ताई उशाशी उभ्या होत्या. ज्याला सगळं ठाऊक असायला हवं होतं, तो मीच त्या खोलीत होतो.

विश्वास जगायचा म्हणजे काय, यावर मी या जागेवरून किती वेळा बोललो असेन! तो या दोघांनी शेवटच्या बाकावर जगून दाखवला. मी वही सांभाळत बसलो.

आज ताई खाप्याला चालल्या. ज्या लग्नासाठी आम्ही त्यांना दूर केलं, त्याच लग्नातून उभ्या राहिलेल्या घरात. मोहितराव म्हणतात, "आईले दर रविवारी मी चर्चले नेऊन सोडीन." जावईबापू, तुमच्या लग्नाला आमच्यातलं कोणी आलं नाही. त्याबद्दल मी तुमच्यासमोर मान खाली घालतो.

गुरुवारी पंचांनी राहिलेला ठराव केला. मेज मांडलेलं आहे. भाकर आजही ताईंच्याच हातची आहे. शाल-श्रीफळ नंतर. आधी ताईंनी पुढे यावं, त्यांच्यानंतर तुम्ही सगळ्यांनी. मी आज पुढे येणार नाही. रुपरावांच्या जागेवर बसेन.

वेळ दिल्याबद्दल पाळकसाहेबांचे, कामिनीताईंचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलताना काही अधिकउणं झालं असेल, तर उदार मनाने पदरात घ्या. राहून गेलेल्या ठरावाची माफी मात्र मी अशी जाताजाता मागू शकत नाही. ती...

काय म्हणता, ताई? कामिनीताई, जरा माइक द्या त्यांच्याकडे. नको? बरं, मीच सांगतो.

ताई म्हणतात, "तुम्हाले नाही तं मलेही नाही."

... येतो, ताई. तुम्ही पुढं चला, मी तुमच्या मागं येतो.