अडणारी रेकॉर्ड

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात खांदा शेकत बसलेल्या शिंप्याचे कान पडद्यापलीकडच्या बाकाकडे लागले होते. तिथे एक म्हातारी आणि तिची तरुण शेजारीण बोलत होत्या.

"मावशी, काका अजून रेकॉर्डी ऐकतात?"

"ऐकतात की. आजारपणात सगळ्यांवर धूळ चढली होती. मीच एकेक धुऊन, मऊ फडक्यानं पुसून लख्ख केली."

"सगळ्या?"

"एक सोडून. तिच्यावर चिकट डाग आहे. तिथे सुई अडते आणि तीच ओळ वाजत राहते."

"मग तीही पुसा ना."

"बरी पुसेन. झटका आल्यापासून हे खुर्चीतून उठायला तयार नव्हते. डॉक्टर सांगून थकले. पण ती रेकॉर्ड अडली की ह्यांना राहवत नाही. चडफडत उठतात, भिंत धरून जातात आणि सुई पुढे सरकवतात."

"तुम्हाला हाक मारत नाहीत?"

"मारतात. माझे हात नेमके तेव्हाच ओले असतात."

शेकाचं यंत्र बंद झालं, तरी शिंपी जागचा हलला नाही.

"आणि दर आठवड्याला मी त्यांची खुर्ची ग्रामोफोनपासून गुपचूप एक फरशी मागे घेते."

"कळलं तर रागावतील हो."

"कळलंय. काल सुई सरकवून परत येऊन बसले आणि म्हणाले, ह्या खेपेला दोन फरश्या घे."