चार बोल्टांचा टर्बो

...आणि वर म्हणतो काय, तर ‘चार बोल्ट तर आहेत, बूअलाम!’ अरे बाबा, ते चार बोल्ट कुठे असतात माहितीये का तुला? ते असतात इंजिनाच्या मागे, जिथे हात जात नाही, नजर जात नाही, अल्लाचं नाव तेवढं पोचतं! पण हा हौवारी, माझा चुलतभाऊ, समुद्रापलीकडे मार्सेयला राहतो ना, दर उन्हाळ्यात बोटीनं येतो आणि बोटीवरून पाय खाली टाकला रे टाकला की आम्हाला शहाणं करायला लागतो. आज हसतोय मी. आज तुम्हाला सांगतोय, कॉफी पितोय, पाय पसरून बसलोय. त्या दिवशी विचारायचं होतं तुम्ही!

चूक कोणाची? माझीच, दुसऱ्या कोणाची! हिवाळ्यात आम्ही आमच्या मुलासाठी, झोहेरसाठी, मागणी घालायला वर डोंगरात गेलो होतो. मुलीचे वडील सी कद्दूर, म्हणजे कद्दूरसाहेब, ऑलिव्हच्या बागांचे मालक, मिशी अशी की बोलताना आधी मिशी हलते मग शब्द येतात. सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर त्यांनी विचारलं, “आमची नसीमा कोणाच्या गाडीतून जाणार?” आता गप्प बसावं की नाही माणसानं? झोहेर कोपरानं ढोसतोय, बायको डोळे वटारतेय, आणि मी छाती काढून म्हणतो, “माझी सून माझ्या स्वतःच्या गाडीतून घरी येईल. भाड्याच्या गाडीतून नाही!” झालं! शब्द गेला. लोकांनी दुआ मागितली, मिशी प्रसन्न झाली.

आणि लग्नाच्या आठवड्यात माझ्या गाडीनं शिट्टी मारली. शिट्टी म्हणजे, तुम्हाला सांगतो, पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिला असता अशी! मागून निळा धूर, आणि चढ आला की गाडीचा दमच संपला. मासळीबाजाराच्या चढावर भाजीवाल्याची तीनचाकी मला मागे टाकून गेली हो! वर तो पोरगा वळून विचारतो, “काका, धक्का देऊ का?” टर्बो गेला होता. चुलीला जशी फुंकणी, तसा डिझेल इंजिनाला टर्बो. फुंकणी नाही तर चूल नुसती धुमसणार. आणि नसीमाच्या गावचा चढ? तिथे बकऱ्यासुद्धा मध्ये थांबून श्वास घेतात!

मेकॅनिक? ऑगस्टात? मेकॅनिक एकतर समुद्रावर, नाहीतर कोणाच्या तरी लग्नात. आमच्या मीलूद मेकॅनिकला फोन लावला तर मागे ढोल वाजतायत आणि हा ओरडतोय, “इन्शाल्ला, सुट्टी संपली की लगेच!” अरे, तोवर माझं नाक कापलं जाईल त्याचं काय? मग हौवारीला फोन केला. तो बोटीवर चढायच्या बेतात होता. त्यानं टर्बो घेतला, टॉवेलात गुंडाळला, बॅगेत घातला. बंदरावर कस्टमच्या साहेबानं बॅग उचलून पाहिली, “हे काय एवढं जड?” हा म्हणतो, “लग्नाचा आहेर!” साहेब म्हणाला, “मुबारक!” आणि मला आणून देताना हौवारी काय म्हणाला? “घरीच बसवू. चार बोल्ट तर आहेत!”

आता घरी म्हणजे कुठे? गॅरेजात. आणि लग्नघरचं गॅरेज कोणाचं असतं? बायकांचं! अर्ध्यात माझी गाडी, अर्ध्यात माझी आई, म्हणजे आमची हाज्जा, सतरंजीवर बसलेली, भोवती मावश्या, आत्या, शेजारणी, आणि मक्रूट मिठाईची ताटंच्या ताटं. रवा मळतायत, खजूर भरतायत, गाणी म्हणतायत. माझ्या बायकोनं, खैरानं, मधोमध खडूनं रेघ ओढली. म्हणाली, “अहो, या रेघेच्या अलीकडे तुमचा काळा हात आला ना, तर हे लग्न तुमच्याशिवाय लागेल!”

लागलो कामाला. वरचा पत्रा काढला, हवेचे पाइप काढले, पहिला बोल्ट सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्यानं नाही म्हटलं. गंजलेला हो! हौवारीनं जोर लावला आणि कट्ट... बोल्ट तुटून आत! म्हणतो, “आमच्या मार्सेयला असं होत नाही.” मी म्हटलं, “कसं होईल? मार्सेयला तू बसनं फिरतोस!” आणि दार उघडं. उघडं दार आणि उघडं बॉनेट दिसलं की आपल्या गल्लीतला कोणता पुरुष पुढे जातो, सांगा! एक आला, वाकून बघितलं, “चार बोल्ट तर आहेत!” दुसरा आला, “चार बोल्ट तर आहेत!” आणि आलेल्या माणसाला कॉफी नको द्यायला? खैरा दर वेळी कॉफी आणतेय आणि दर वेळी माझ्याकडे अशी बघतेय की मीच गल्लीला आमंत्रणं वाटलीयेत.

पण छिद्र पाडून निघाला बाबा तो तुटका बोल्ट एकदाचा! जुना टर्बो निघाला, नवा बसला, नवी गॅस्केटं, तांब्याचे वायसर, तेलाचा पाइप साफ केला, परतीचा पाइप जोडला. आता शेवटचं काम. नवा टर्बो कोरडा फिरला तर मिनिटात जळून जातो, म्हणून आधी त्याच्या तोंडात तेल घालायचं. आमच्या तेलाचा डबा गळत होता, म्हणून मी ते पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतून रेघेपाशी ठेवलं होतं. सोनेरी, दाट. मी गाडीखालून हात बाहेर काढला, “हौवारी, बाटली दे!” हौवारीच्या एका हातात कॉफी, तोंडानं गप्पा चालू. त्यानं दुसरा हात मागे नेला आणि बाटली दिली. मी ओतलं. थोडं टर्बोत गेलं, थोडं एक्झॉस्टच्या पाइपावर सांडलं. सगळं घट्ट केलं, हात पुसले, म्हटलं अलहम्दुलिल्लाह.

तेवढ्यात रेघेपलीकडून हाज्जाचा आवाज, “बूअलाम! मेल्या, माझ्या तेलाला हा कसला वास येतोय?”

गाणी थांबली. मी बघितलं. हाज्जाच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली. सोनेरी, दाट. आता आपल्याकडे घरचं ऑलिव्हचं तेल कशात ठेवतात? सांगा ना! मी म्हटलं, “हाज्जा, ओतलंस का ग रव्यात?” ती म्हणाली, “माझं नाक अजून जागेवर आहे!” म्हणजे मक्रूट वाचले, वऱ्हाड वाचलं. आणि माझा टर्बो? मी तिथेच जमिनीवर बसलो. उद्या सकाळी वरात! तोंडात ऑलिव्ह घालून कुठला टर्बो चाललाय आजवर? हौवारी दबकत म्हणाला, “परत खोलू... चार बोल्ट तर...” मी पाना उचलला. गाडीसाठी नाही, त्याच्यासाठी!

हाज्जा उठली. रवा झटकला. म्हणाली, “हे तेल मी जन्मभर तुमच्या पोटात घालतेय. एक तरी बंद पडला का? लाव चावी!” आता आईपुढे कोण बोलणार? खरं तेल इंजिनात भरलं, तेल टर्बोपर्यंत चढावं म्हणून आधी डिझेल बंद करून इंजिन नुसतं फिरवलं, मग बिस्मिल्ला म्हणून चावी लावली आणि डोळे मिटले. चालू! शिट्टी नाही, धूर नाही, मांजर गुरगुरावं तसा आवाज! बायकांनी जिभा नाचवत उलुलूचा असा गजर केला की नवरी आलीच जणू.

दुसऱ्या दिवशी फुलं, रिबिनी, हॉर्न, मागे गाड्यांची रांग. तो चढ आला. माझा श्वास बंद, पाय खाली दाबलेला... आणि गाडी चढली हो! चढली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? पण पाइप तापला तसा वास सुटला. ताज्या तळणाचा! मागच्या गाड्यांतून लोक माना बाहेर काढून विचारतायत, कोण तळतंय? वर पोचलो, सी कद्दूर दारात. मिशी दोनदा हलली. त्यांनी हुंगलं. नसीमाला बसवलं, पोर सारखी रडत होती, सगळं माहेर रडत होतं. दोन वळणं गेली आणि मागून बारीक आवाज आला, “काका... कुठे भजी तळतायत का? मी सकाळपासून काही खाल्लं नाही.” मी तिला सगळं सांगितलं. बोल्ट, बाटली, हाज्जा, सगळं! पोर हसत सुटली, ती हसतच आमच्या दारात उतरली. माझा शब्द राहिला, मंडळी. त्या दिवशी मला कोणी राजा म्हटलं असतं तरी मी मान हलवली असती.

आणि काल सी कद्दूरांचा फोन! “व्याहीबुवा, नसीमानं सगळं सांगितलं. आमच्या ट्रकलाही तसलीच शिट्टी लागलीय. शुक्रवारी खाली आणतो, तुम्हीच बसवा. आणि तेल तुमचं नको हं, आमच्या बागेतलं आणतो, पहिल्या घाण्याचं!” आता व्याह्यांना समजावून सांगायचं कसं? आणि सांगितलं तरी ती मिशी ऐकणार आहे का? मी म्हटलं, “आणा. पण दोन डबे आणा. एक ट्रकला आणि एक आमच्या हाज्जाला... ती तिचं तेल अजून माझ्याकडे मागतेय!”