गुपचूप निघायचं बटण

बटणाच्या आकारावरून आता मला कुणी काही बोलायचं नाही हं, सांगून ठेवतो! गंगापूर रोडच्या आमच्या ऑफिसात गप्पांचं एक ॲप बनतंय. त्यात लोक एकत्र येऊन नुसतं बोलतात, चेहरे दिसत नाहीत. कुणाच्या बोलण्यात व्यत्यय नको, म्हणून बाहेर पडायला मी लाल बटण दिलं, ‘गुपचूप निघा’.

चाचणीला पिंपळगावचे माझे मामा आणि त्यांचे द्राक्षवाले दोस्त घेतले. गप्पा संपल्या, पण एकही जण निघेना. कुणी म्हणालं, “बरं, येतो मग,” की बाकीचे लगेच, “बसा हो, काय घाई हाय?”

साहेब माझ्यावर उखडले. “बटण दिसत नाहीये त्यांना! मोठं कर.”

मी हेडफोनवरून गप्पांत मध्येच विचारलं, “मामा, लाल बटण दिसतंय ना?”

“दिसतंय की. पण चार माणसांतून न सांगता उठून जायचं? भांडण झालं वाटंल ना!”

“सरक, मी दाखवतो,” म्हणत साहेबांनी माझा हेडफोन घेतला. “मंडळी, हे बटण दाबायचं आणि निघायचं. बरं, येतो मी.”

“आँ? आत्ता तर आलात साहेब! बसा की!”

मी जेवून परत आलो, तेव्हा साहेब द्राक्षांच्या छाटणीवर बोलत होते.