सगळे रिपोर्ट नॉर्मल

(अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक. अक्कलदाढ काढून घेतलेली स्वराली आत व्हेंटिलेटरवर. बाहेर तिचे सासरे गोपाळकृष्ण आणि दाढ काढणाऱ्या डॉ. श्यामला, मागाहून तिची आई आनंदी.)

गोपाळकृष्ण : पुन्हा सांगा, डॉक्टर. पदार्थविज्ञान शिकवण्यात हयात गेली माझी. मला कळेल.

श्यामला : दाढेच्या जागेतून रक्त आतल्या आत जिभेखाली साचत गेलं. सुजेनं श्वास कोंडला. नळी घालेपर्यंत मेंदूला प्राणवायू मिळाला नाही.

गोपाळकृष्ण : तुम्ही तर एकही तपासणी सांगितली नव्हतीत. मीच लॅबचं पूर्ण पॅकेज करवून घेतलं. रक्त गोठण्याच्या वेळेसकट सगळं नॉर्मल! अहो, गाडी घेतानासुद्धा कुणी इतकं तपासत नाही.

श्यामला : रिपोर्ट बरोबरच होते. रक्त न थांबण्याचे काही दोष त्या चाचण्यांत दिसत नाहीत. विचारल्यावर कळतात.

गोपाळकृष्ण : मग विचारायचं होतंत!

श्यामला : विचारलं होतं. पूर्वी कधी रक्त जास्त गेलंय का, पाळीत त्रास होतो का. उत्तर आपण दिलंत, 'रिपोर्ट समोर असताना चौकशा कसल्या?'

गोपाळकृष्ण : पुरावा मोठा की ऐकीव माहिती?

श्यामला : इथे ऐकीव माहिती हाच पुरावा होता. तिला एकटीला विचारलं नाही, ती चूक माझी. रक्त अजून थांबलेलं नाही. औषध ठरवायला तिचा पूर्वेतिहास आत्ता हवाय.

आनंदी : काय झालं जी माझ्या पोरीले? मांजरी गावाहून येईस्तोवर जीव थाऱ्यावर नव्हता.

श्यामला : आई, आधी एवढं सांगा. लहानपणी स्वरालीला लागलं तर रक्त लवकर थांबायचं?

आनंदी : (गोपाळकृष्णांकडे बघते.)

श्यामला : त्यांच्याकडे नका बघू. माझ्याकडे बघा.

आनंदी : नाही थांबायचं. दुधाचा दात पडला तरी उशी भिजे. पाळीत तर पोरगी आडवीच. माझ्या मायचंही असंच होतं.

गोपाळकृष्ण : हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत!

आनंदी : सांगितलं असतं तर सून करून घेतली असती, भाऊ? मीच बजावलं तिले, सासरी हे काढू नको.

श्यामला : सिस्टर, रक्तविकारतज्ज्ञांना कळवा. आनुवंशिक दोषाची दाट शक्यता. ते सांगतील ते लगेच सुरू करा.

आनंदी : मग उठेल ना ती?

श्यामला : रक्त बहुधा थांबेल. शुद्धीबद्दल आज काही सांगता येत नाही. आत एका वेळी एकानंच जायचं.

गोपाळकृष्ण : विहीणबाई, तुम्ही जा. माझ्यासमोर ती बोलत नाही.