पिशवी गेली, मग पाठ गेली

माझं नाव कडूबाई. माहेर कन्नडकडचं, सासर बी तिकडचंच. लगीन झालं अन् नवऱ्यासंगं ऊसतोडीला जायला लागले. काय सांगू, फडात पाळी आली की लई हाल, ना आडोसा ना पाणी, अन् खाडा केला की मुकादम बोलणार, म्हणून आमच्या टोळीतल्या बाया लेकरं झाली की गर्भाची पिशवी काढून घ्यायच्या. मी बी काढली, तिशी बी झाली नव्हती. डॉक्टर म्हणला, कटकट मिटली. मिटली खरंच. टाके सुकले न सुकले तोच परत मोळ्या उचलायला लागले.

मग कंबर दुखायची. सगळ्यांचीच दुखती. गोळी खायची, झोपायचं. पुढं पडेगावला पोराकडं राहायला आले, तवा सून हसायची, आत्याबाई, तुमचं लुगडं खाली लोळाया लागलं की, आखूड झाल्या काय तुम्ही. मी बी हसायची.

औंदा कन्नडहून येताना यष्टीत मागच्या सीटावर बसले. गतिरोधकावर गाडी उडाली, मी बसल्या जागी आदळले. पडले नाय, काय नाय, पण उठताच येईना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं फोटो काढला, म्हणल्या, मणका दबलाय, हाडं ठिसूळ झालीत, पाळी कधी गेली? म्हणलं, गेली नाय, काढली. मग सोनोग्राफी केली, म्हणल्या, पिशवीसंगं अंडाशयं बी काढलीत, एवढ्या कमी वयात काढली की हाडांचं बळ लवकर जातं. मला राग आला नाय, रडू बी आलं नाय. लुगडं का लोळत व्हतं, ते तवा कळलं.

मी पडून व्हते तवाच लेकीचा फोन आला. ती बी तोडीलाच जाती. म्हणली, आई, अंगावरून लई जातंय, तोडीआधी पिशवी काढून घेते. म्हणलं, नको. म्हणली, तू काढली, तुला काय धाड भरली? म्हणलं, ये अन् बघ.

आली. मला न्हाऊ घालाया बसली. पाठीवर हात फिरवला, हाड वर आलंय तिथं थांबला. म्हणलं, ओत बाई, पाणी गार व्हतंय. दुसऱ्या दिवशी सून तिला डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेली. त्यांनी तपासलं, म्हणल्या, गाठ नाय, गोळ्यांनी भागंल, काढू नको.

मला आता आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी, वर अर्धा तास आडवं व्हायचं नाय. दूध पिते, उन्हात बसते. दबलेला मणका काय वर येत नाय म्हणत्यात, पुढचा वाचला तर वाचला.

लेक टोळीसंगं गेली. काल फोनवर म्हणली, आई, पाळी आलीय, लई हाल व्हत्यात. म्हणलं, येऊ दे बाई. तुझी येत राहू दे.