मूळ रांजणाचं झाकण

पानिम : नाही म्हटलं ना एकदा. अंगणात सोया सॉसचे बाकीचे सतरा रांजण आहेत, त्यातला हवा तो उघड. मूळ रांजणाला हात लावायचा नाही.

तेकसू : अहो मावशी, सतरा रांजण कुणाच्याही अंगणात सापडतील. मी सोलहून चार तास गाडी चालवत आलोय ते त्या एकासाठी. तेहेतीस वर्षांपूर्वी तुम्हीच उघडून दिला होतात की.

पानिम : तेव्हा दिला म्हणूनच आता नाही.

मीसुक : आई, काय हा हट्ट? ह्या मेंगसाहेबांची शेवटची फिल्म आहे ही. पहिली आपल्या घरी झाली, शेवटचीही इथेच व्हावी म्हणून आलेत बिचारे. सुनेनं बोलू नये, पण नुसतं बघितल्यानं शंभर वर्षांचा सोया काय कमी होणार आहे?

पानिम : तू मुळा चिर.

तेकसू : वहिनींना बोलू द्या हो. माझ्या बाजूनं बोलणारं कुणीतरी आहे.

पानिम : आणि तू आधी जेव. सूप निवतंय.

तेकसू : एक मिनिट. वाफ आहे तोवर दोन शॉट घेतो.

पानिम : बघ, मेला अजून तसाच. तेव्हाही चार दिवस माझ्या हातचं गार जेवला. नंतर टीव्हीवर बघायची ना मी, मंगोलियातली ती बाई मटणाचं पातेलं पुढे ठेवतेय, वाफा निघताहेत. लोक म्हणायचे, काय सुंदर काढलंय. मी म्हणायची, त्याला कुणीतरी वाढा रे, तो उपाशी उभा असणार तिकडे मागे.

तेकसू : उभाच होतो. अडतीस देश फिरलो मावशी, अडतीस देशांत गार जेवलो. सोन्हे म्हणायची, तुझ्याशी लग्न म्हणजे जन्मभर शिळं वाढायचं.

मीसुक : म्हणायची? म्हणजे आता...

तेकसू : गेली. चार वर्षं झाली.

पानिम : मला कळवलं नाहीस.

तेकसू : फोन हातात घ्यायचो, पुन्हा ठेवायचो. तुम्हाला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. तुमच्या फिल्मचं निवेदन तिनंच लिहिलं होतं ना. तेव्हा ती ऑफिसात नवी होती, मी तिच्याशी धड बोललोही नव्हतो. तिनं कागद पुढे केला. 'या काळ्या पाण्यात पाच पिढ्यांचं आभाळ आहे.' मी वाचलं आणि तिला म्हटलं, चल, नूडल्स खायला येतेस का?

मीसुक : तीच ओळ आमच्या दारावरच्या पाटीवर आहे साहेब. ह्यांनी लाकडावर कोरून घेतली.

तेकसू : येतानाच बघितली. पाच मिनिटं गाडीतून उतरलोच नाही.

पानिम : त्या पाटीखालून मी रोज मान खाली घालून जाते.

मीसुक : ते का म्हणून?

तेकसू : मावशी, ऐका ना. मला शेवटी तेच दृश्य हवंय. झाकण निघतं, सोयात आभाळ दिसतं आणि वर तिची ओळ. तिचा आवाज आहे माझ्याकडे, जुन्या टेपवर. तेवढं झालं की मी कॅमेरा ठेवून देणार. आणखी काही मागत नाही.

पानिम : ती ओळ खोटी पडेल रे.

तेकसू : खोटी कशी?

पानिम : मीसुक, तू जरा आत जा.

मीसुक : नाही जात. एकतीस वर्षं रोज सकाळी मी तो रांजण पुसतेय. जे काय असेल ते मलाही कळू दे.

पानिम : बस मग. तेकसू, तुम्ही निघालात ती सकाळ आठवते तुला?

तेकसू : न आठवायला काय झालं. नीट उजाडलंही नव्हतं. तुम्ही भाताचे गोळे बांधून हातात दिलेत आणि म्हणालात, आज ऊन पडायचं नाही, निघा. खरं सांगू? राग आला होता. चार दिवस घरच्या मुलासारखं वागवलंत आणि पाचव्या दिवशी हाकलून दिलंत.

पानिम : आणि आदल्या संध्याकाळी तू मला काय सांगितलं होतंस?

तेकसू : काय?

पानिम : झाकण लावू नका म्हणालास. सकाळचं कोवळं आभाळ पाहिजे, झाकण हलवलं की सोया डहुळतो, निवळायला तास जातो. मी म्हटलं, माझे गुडघे दुखताहेत, पाऊस येणार. तू म्हणालास, रेडिओ तर नाही म्हणतोय.

तेकसू : मावशी...

पानिम : मी जागी राहणार होते. पण चार दिवस तुम्हा चौघांचं रांधून अंग मोडून आलं होतं. जरा टेकले, डोळा लागला. जाग आली तेव्हा पागोळ्या गळत होत्या, उघड्या रांजणात पाणी शिरलं होतं. तुला कळू नये म्हणून झाकण लावलं आणि उजाडायच्या आत तुम्हाला वाटेला लावलं.

मीसुक : अगं बाई.

पानिम : दहा दिवसांत पांढरी साय धरली, मग वास सुटला. परसात खड्डा केला आणि एकटीनं ओतला. पाच पिढ्यांचा सोया, अर्ध्या तासात मातीनं पिऊन टाकला. घरचा सोया बिघडला म्हणजे घर बुडणार म्हणतात लोक, तुला सांगायला नको. कुणाला कळू दिलं नाही.

तेकसू : सासूबाईंना? त्या तर आतल्या खोलीत अंथरुणावर होत्या.

पानिम : त्यांच्या सुपात दुसऱ्या रांजणातला घातला. एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, 'सूनबाई, सोया अल्लड आहे.' मग वाटी उचलली आणि सगळं सूप संपवलं. जाईपर्यंत पुन्हा विषय काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते.

मीसुक : मग आत्ता आत आहे तो?

पानिम : त्याच वसंतात नवा घातला. तेहेतीस वर्षांचा आहे.

मीसुक : आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला शंभर वर्षांचा, शंभर वर्षांचा म्हणून चमच्यानं चाखायला देतेय.

पानिम : तुझा काय दोष? पाटी लागली तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडेना.

तेकसू : मला का नाही सांगितलंत? दर नव्या वर्षाला फोन करत होतो मी.

पानिम : तुझा पहिला फोन आला ना, बक्षीस मिळालं तेव्हा, तुझा आवाज कापत होता. म्हणालास, मावशी, आता मला पुढची फिल्म देताहेत. त्या दिवशी मी सांगणारच होते. सांगितलं असतं, तर तू पुन्हा कुणाच्या स्वयंपाकघरात कॅमेरा घेऊन शिरला असतास?

तेकसू : नसतो शिरलो.

पानिम : मग? सोया गेला तो गेला. पोरगं कशाला घालवायचं?

तेकसू : जाईन त्या घरी मी पहिलं वाक्य हेच बोलायचो. आम्ही कशाला हात लावत नाही, नुसतं बघतो. अडतीस देशांत बोललो. आणि पहिल्याच घरात हे करून ठेवलं होतं. सोन्हे हे न ऐकताच गेली, बरं झालं. नाही, काय बरं झालं? असायला हवी होती. तिला काहीतरी सुचलं असतं.

पानिम : रड, रड. मी तेहेतीस वर्षं वाट बघत होते, कुणीतरी बरोबर रडावं म्हणून.

मीसुक : मी पाटी उतरवते. ते स्टूल कुठेय?

पानिम : अगं, राहू दे. माझ्या मागे काय ते करा.

मीसुक : मुळीच नाही. तेहेतीस वर्षं काय कमी झाली? माझ्या संसाराहून दोन जास्त आहेत. आणि चव तर तुमच्याच हाताची आहे ना?

तेकसू : माझंही काम तेवढंच जुनं आहे, वहिनी. ह्या सोयाच्या बरोबरीचं.

(पानिम उठून मूळ रांजणाचं झाकण काढते.)

पानिम : ये. आभाळ निरभ्र आहे आज. कॅमेरा लाव.

तेकसू : नक्की?

पानिम : लाव म्हणते ना. पण खोटं सांगायचं नाही.

तेकसू : नाही सांगणार. सोन्हेची ओळ लावीन, आणि तिच्यानंतर माझ्या आवाजात सांगीन. झाकण उघडं ठेवायला मी लावलं. चूक माझी.

पानिम : शहाणाच आहेस. डोळा माझा लागला.

तेकसू : तुम्ही पाऊस येणार म्हणून सांगितलं होतंत.

पानिम : आणि तरी झोपले. घर माझं होतं की तुझं?

मीसुक : अहो, भांडताय काय दोघं? एक काय ते ठरवा, लोकांना सांगायचं काय?

पानिम : त्या रात्री पाऊस आला, एवढंच सांग. पावसाला कोण काय बोलणार.