क्वर्कची कोरी चौकट

—अगं, ओळखलं मी, छातीवर लाल गुलाब, हातात पत्रकं, लेबर पार्टीचीच तू. आत नको येऊस, फरशी ओली आहे, उभ्या उभ्या ऐक. तुमच्या त्या कोलमन क्वर्कला मी बेकनच्या कारखान्यापासून ओळखते—माझा लॅरी आणि तो एकाच टेबलावर डुकरं कापायचे. संप झाला, हा भाषणाला पिंपावर चढला, आणि चढला तो उतरलाच नाही—थेट डब्लिनला, खासदार! आधी सायकल, मग काळी गाडी, मग मंत्री. आणि कारखाना बंद झाला तेव्हा कागदावर सही कुणाची? ह्याचीच. वर मला म्हणतो, "मॅज, सही करताना हात थरथरत होता गं." थरथरत होता म्हणे—सही बघ जाऊन, शाळामास्तरासारखी सुवाच्य!

पण मयत? एक चुकवली नाही पठ्ठ्याने. मतं तिथेच असतात ना! ख्रिस्टी फर्लाँग गेला, तेव्हा त्याच्या भावाचा, मॉसीचा हात दाबून काय म्हणाला—"मॉसीसारखा माणूस पुन्हा होणे नाही." मॉसी म्हणतो, "आभारी आहे साहेब, पण मी अजून आहे!"

हरला कसा म्हणतेस? तीन मतांनी. दोन दिवस मोजत होते—कुणाला पहिली पसंती, कुणाला दुसरी, कुणाला पाचवी. लॅरी तेव्हा अंथरुणाला खिळलेला. म्हणाला, "मॅज, कोलमनला एक नंबर दे. कसाही असला तरी आपला आहे." देते म्हटलं. आणि गेले, सगळ्यांच्या नावापुढे पसंतीचे आकडे घातले—कारखान्याची जागा ज्याने विकत घेतली, त्याचा जावई उभा होता, त्यालासुद्धा—कोलमनची चौकट तेवढी कोरी. दोन्ही मुलींनाही तेच करायला लावलं. झाली की नाही तीन?

महिन्याने लॅरी गेला. आणि हा आला. पद नाही, गाडी नाही—बसने, चिंब भिजून. मतं मागायची नव्हती आता, तरी आला. शवपेटीला खांदा दिला, आणि नाव चुकला नाही गं. "लॅरी" म्हणाला आणि रडला. मेल्याने निदान नाव तरी चुकायचं होतं.

काय लिहितेस ते? खोड आधी! आणि फाटकाशी कोण तो, छत्रीवाला? तुझ्याबरोबर कोलमनच फिरतोय, पुन्हा मतं मागत? इकडेच येतोय?

हे बघ पोरी, सांग त्याला—मॅज घरी नाही.